डावीकडची ओढ

शाळा सुटली की बाकीच्या आया पोरांचे डबे उघडून बघतात, किती खाल्लं, किती तसंच परत आणलं. मी खुर्चीपाशी उकिडवी बसते. कडेवरचा धाकटा तोवर माझ्या केसांना लोंबकळत असतो. मी पाय ठेवायच्या पट्टीच्या डाव्या कोपऱ्यावरून बोट फिरवते आणि बोट उजेडात धरून बघते. निळा. शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत जो तेलकट निळा रंग फासलाय, तोच.

"आज पण आपटलीस?"

भिंगरी मान वळवते. तिचे शब्द विहिरीतून पोहरा वर यावा तसे येतात, हळूहळू आणि हिंदकळत. घाई केली तर पुन्हा खाली जातात.

"खुर्चीला तिकडे जायचं असतं," ती म्हणते.

"खुर्चीला कसलं आलंय जायचं? दांडी तुझ्या हातात असते ना?"

"हो. पण तिला जायचं असतं."

सहा वर्षांची पोर असं काही आपल्या मनाने बोलेल, हे मला पटेना. कुणीतरी पढवल्यासारखं वाटत होतं. आणि शाळेत दिवसभर तिच्याबरोबर असणारं माणूस एकच होतं, मदतनीस मावशी.

भिंगरी हे तिचं नाव सासूबाईंनी ठेवलं, ती पोटात असताना. माझ्या पोटावर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "हे आत भिंगरीसारखं फिरतंय, बाहेर आल्यावर घर डोक्यावर घेणार." बाहेर आली ती निळी पडून, उशिरा रडली. पाय तिचं ऐकत नाहीत, उजवा हात कधी ऐकतो कधी नाही, डावा बऱ्यापैकी ऐकतो. नाव बदलायचा विषय घरात कुणी काढला नाही.

पाच वर्षं आम्ही तिला जिथे ठेवलं तिथे ती राहिली. उन्हात ठेवली तर उन्हात, टीव्हीसमोर ठेवली तर टीव्हीसमोर, कार्यक्रम आवडो न आवडो. मग ही मोटरची खुर्ची आली. पहिल्या दिवशी ती फार लांब नाही गेली. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते, ती माझ्या मागून निघून बाहेरच्या खोलीत गेली आणि तिथून हाक मारली, "आई, मी इथे आहे." मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. मी तिला जिथे ठेवलं नव्हतं अशा जागेवरून तिने मारलेली ती पहिली हाक.

म्हणून त्या निळ्या रंगाने माझी झोप उडवली होती.

घरी, त्या चार-चार पावलांच्या खोल्यांत, ती कधी म्हणजे कधी आपटत नव्हती. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता चढाचा, फुटपाथ अरुंद, मध्ये दिव्याचे खांब. ती सुईत दोरा ओवावा तशी त्यातून जायची. मी बाजूनेच असायचे. शाळेच्या फाटकापाशी मी तिला मावशींच्या हवाली करायचे आणि तिथून पुढे, त्या सरळसोट, गुळगुळीत, मोकळ्या व्हरांड्यात, ती भिंतीवर जाऊन आदळायची. रोज. डावीकडेच.

गुरुवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, आणि उंचीने त्या जेमतेम माझ्या खांद्याला लागतात. मावशी दाराला टेकून उभ्या होत्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"काल पहिलीतल्या एका मुलाच्या पायावरून चाक जाता जाता राहिलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्या कुणाचं बोट चेपलं तर त्याच्या आईला मी काय सांगू?"

"घरी एकदाही आपटत नाही ती."

"नसेल आपटत."

"नसेल नव्हे, नाहीच आपटत. इथेच काहीतरी होतंय. कुणीतरी खुर्चीला काहीतरी करतंय." मी मुद्दाम दाराकडे बघितलं नाही, पण माझा आवाज तिकडे गेलाच.

मावशींनी ओठ मुडपले. "मी काय करणार हो? मला घरचा मिक्सर लावता येत नाही."

"मागच्या दांडीने तर तुम्हीच चालवता ना कधीकधी?"

"चालवते. घंटा झालेली असते, वर्ग भरलेला असतो. मागून चालवली की पटकन पोचतो. पुढून तिने चालवली की पहिला तास अर्धा होतो तरी आम्ही व्हरांड्यात भिंतीशी कुस्ती खेळतोय."

इथे सांगायला हवं की खुर्चीला दोन दांड्या आहेत. एक पुढे, डाव्या हाताशी, भिंगरीची. तिच्या टोकाला स्पंजचा चेंडू बसवलाय, कारण बारीक मूठ तिला धरता येत नाही. दुसरी मागे, डाव्या मुठीपाशी, सोबतच्या माणसासाठी. एका बटणाने ठरतं, खुर्ची कुणाचं ऐकणार.

मोठ्या बाई म्हणाल्या, "असं करू. सोमवारी सकाळी व्हरांड्यात मी स्वतः उभी राहते. नीट चालवली तर प्रश्नच नाही. नाहीतर शाळेत पुढची दांडी बंद, मागची चालू. मावशी नेतील. त्यात वाईट काय आहे?"

वाईट काय आहे ते मला धड सांगता आलं नाही. हाक मारलेली ती बाहेरची खोली त्यांच्यासमोर कशी मांडायची? मी नुसतं बरं म्हटलं आणि धाकट्याच्या तोंडातली त्यांच्या टेबलावरची रबरी शिक्क्याची मूठ काढून घेतली.

घरी आल्यावर भिंगरीच्या बाबांना सगळं सांगितलं. ते बूट काढत होते, एक काढून दुसऱ्याशी अडकले होते.

"खुर्ची तीच," ते म्हणाले. "पोरगी तीच. मग घरात आणि शाळेत फरक काय?"

"माणूस."

"म्हणजे मावशी."

"दुसरं कोण? तिला मागून चालवायला सोपं जातं. पुढची बंद झाली तर तिचीच सोय आहे. तीच काहीतरी करत असणार. ढकलत असेल, पाय लावत असेल."

"आणि भिंगरी सांगणार नाही तुला?"

"ती सांगतेय ना. म्हणते खुर्चीला जायचं असतं. हे कुणी शिकवलं तिला?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "एवढा संशय आहे तर जाऊन बघ ना. घरात बसून काय डोकं पिकवतेस."

शुक्रवारी मी तेच केलं. फाटकाशी भिंगरीला सोडलं, हात हलवला, कोपऱ्यापर्यंत गेले आणि शाळेच्या मागच्या बाजूने वळून पाण्याच्या टाकीआड येऊन उभी राहिले. तिथून खिडकीच्या जाळीतून अख्खा व्हरांडा दिसतो. धाकट्याच्या हातात बिस्किट कोंबलं. आयुष्यात कधी कुणावर पाळत ठेवली नव्हती; कडेवर बाळ घेऊन तर मुळीच नाही.

भिंगरी आली. मावशी तिच्या मागे, बऱ्याच मागे, हाताची घडी घालून. मी डोळे फाडून बघत होते. आता पुढे होईल, आता पाय लावेल. भिंगरीने चेंडूवर तळवा ठेवला आणि सरळ पुढे दाबला. अगदी सरळ, मला तिचं मनगट दिसत होतं. खुर्ची चार पावलं नीट गेली. मग खुर्चीनेच डावीकडे कलायला सुरुवात केली, हळूच, गाढव पायवाट सोडून गवताकडे सरकतं तसं. भिंगरीने दांडी उजवीकडे ओढली. तिचा हात अशा वेळी ताठरतो, ओढणं जास्त झालं, खुर्ची उजवीकडे वळली, तिने सोडलं, परत डावीकडे. भिंत. खर्र.

मावशी जागच्या हललेल्या नव्हत्या.

भिंगरीने मागे वळून बघितलं. मावशींकडे नाही, माझ्या नेहमीच्या बाजूला, उजव्या खांद्यावरून. तिथे कुणीच नव्हतं.

"घे मागे," मावशी म्हणाल्या. "दमाने. भिंत काही पळून जात नाही."

तेवढ्यात धाकट्याने जाळीतून बहिणीला बघितलं आणि "ता" म्हणून ओरडला. मी टाकीआड खाली बसले. थोड्या वेळाने वरून मावशींचा आवाज आला.

"ताई, बिस्किटाचा चुरा सांडतोय. मुंग्या होतील."

मी तशीच निघून आले. रस्ताभर कान तापले होते. पण शरमेपेक्षा डोक्यात दुसराच भुंगा होता. बाई हात लावत नाही, हे मी बघितलं. मग तिने आधीच काहीतरी करून ठेवलंय. खुर्चीच्या आतच.

आत म्हणजे काय, तेही सांगते. मोटरीच्या खुर्चीला गाडीसारखं चाक फिरवून वळवायचं काही नसतं. मागच्या दोन मोठ्या चाकांना एकेक स्वतंत्र मोटर, पुढची दोन लहान चाकं नुसती मोकळी फिरणारी. सीटखाली बॅटरी आणि बॅटरीशेजारी एक चपटा डबा. दांडी दाबली की ती थेट चाकं हलवत नाही. ती डब्याला सांगते, आणि डबा ठरवतो कुठल्या मोटरीला किती जोर द्यायचा. ज्यांनी खुर्ची बसवून दिली ते म्हणाले होते, "बैलजोडी समजा, ताई. एक बैल रेंगाळला की गाडी त्याच्या अंगाला वळते. डब्याचं काम म्हणजे दोघांना बरोबरीने हाकणं." हे सांगणारे कारखान्यातले तंत्रज्ञ. भिंगरी त्यांना खुर्चीकाका म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. तिच्या हाताची थरथर डब्याने गाळून टाकावी, ती दचकली तर खुर्चीने उसळू नये, थांबताना झटका बसू नये, हे सगळं खुर्ची घरी आल्यावर काही दिवसांनी त्यांनीच हातातलं एक यंत्र तारेने जोडून डब्याला शिकवलं होतं. कारखान्याच्या फरशीवर पिवळी पट्टी चिकटवलेली होती. "रोज चालता तशाच चाला," असं म्हणत ते खुर्चीच्या चाकांपाशी वाकून वाकून आमच्याबरोबर फेऱ्या मारत राहिले, चाक पट्टी सोडेनासं होईपर्यंत.

मी त्यांना फोन लावला.

"काका, कुणीतरी आतलं बदललंय."

"माझ्या यंत्राशिवाय कुणाच्या बापाला बदलता येणार नाही."

"मग तुमच्या माणसांपैकी कुणी शाळेत गेलं होतं का? शाळेने बोलावलं होतं का तुम्हाला?"

"ताई, तुम्ही उद्या दुपारी खुर्ची घेऊन या. फोनवर चोर पकडता येत नाही."

हे बोलणं मला जरा जास्तच गुळगुळीत वाटलं. रात्री जेवताना मी तसं म्हटलं.

"मावशी झाली, मोठ्या बाई झाल्या, आता खुर्चीकाका," भिंगरीचे बाबा म्हणाले. "आता घरात धाकटाच राहिला. त्याचीही जबानी घेऊन टाक."

धाकट्याचा नंबर लागला नाही, सासूबाईंचा लागला. शनिवारी सकाळी भिंगरीचे बाबा तिला आंघोळ घालत होते, मी कणीक मळत होते. बाहेरच्या खोलीत धाडकन आवाज झाला. धावत गेले तर सासूबाई खुर्चीत बसलेल्या, गुडघे कपाटाच्या दाराला टेकलेले, हात अजून स्पंजच्या चेंडूवर. कपाट डावीकडे.

"मी सरळच ढकलली हो," त्या म्हणाल्या. "अगदी नाकासमोर. दारू प्यायलीये का ही?"

"आई, तुम्ही दुसरं काही दाबलंत का? रोज बसता का हिच्यात, मी नसताना?"

"म्हणजे आता मीच का?"

"मी फक्त विचारतेय."

"लग्नानंतर पहिल्या महिन्यात साखरेचा डबा रिकामा निघाला तेव्हाही तू माझ्याकडे अशीच बघितली होतीस," त्या उठता उठता म्हणाल्या. "पोरीला जमतं ते मला का जमत नाही, एवढंच बघत होते. तिला शाळेत ढकलतात, म्हणालीस. मग घरात मला कुणी ढकललं?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण संशय एकदा डोक्यात घर करून बसला की आलेला पुरावाही त्याच्याच पंगतीला बसतो. मी मनाशी म्हटलं, यांचं वजन जास्त, खुर्ची लहान मुलाची, कलणारच. आणि खरंच, आंघोळ झाल्यावर भिंगरी खुर्चीत बसली, मी धाकट्याला उचललं, आणि बाहेरच्या खोलीतून अंगणापर्यंत ती सुतासारखी सरळ गेली.

"बघितलंत?" मी सासूबाईंना म्हटलं.

"बघितलं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे काहीतरी वेगळंच बघत राहिल्या.

कारखाना म्हणजे मोठी शेड. एका बाजूला नुसते सांगाडे, एका बाजूला मोटरी, मध्ये एक माणूस पाठीच्या गादीचा फोम सुरीने कापत होता. खुर्चीकाकांनी तार जोडली, यंत्राच्या पडद्यावर बघितलं, मान हलवली.

"सगळं मी ठेवलं तसंच आहे. कुणी हात लावलेला नाही."

"असं कसं?"

"चालवून दाखवा."

भिंगरीने चेंडू दाबला. पट्टीवरून आम्ही गेलो, टोकाला वळलो, परत आलो. चाक पट्टीच्या अंगाअंगाने, जराही इकडेतिकडे नाही.

"सरळ आहे," काका म्हणाले.

"सरळ आहे, ते मलाही दिसतंय. शाळेत वाकडी जाते."

"शाळेची फरशी उतरती असेल."

"घरी सासूबाईंकडूनही वाकडी गेली."

"त्यांचं वजन..."

"तेच मी म्हटलं."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. त्यांना वाटत असणार, ही बाई उगाच आळ घेतेय. मला वाटत होतं, हा माणूस काहीतरी लपवतोय. "परत एकदा," ते म्हणाले.

परत निघालो. निम्म्यावर आलो आणि धाकट्याला समोर लटकणारं चमकतं चाक दिसलं. त्याने कडेवरून अंग झोकून दिलं, मासळीसारखं. मी दोन्ही हातांनी त्याला धरला.

खुर्ची डावीकडे वळली.

काका थांबले. भिंगरीने दांडी सोडली. खुर्ची थांबली.

"ताई, आत्ता काय केलंत?"

"काही नाही. हा पडत होता."

"त्याआधी तुमचा हात कुठे होता?"

मी बघितलं. धाकटा माझ्या उजव्या कडेवर असतो, नेहमीच. डाव्या मुठीपाशी सोबतच्या माणसाची दांडी, म्हणून मी भिंगरीच्या उजव्या बाजूने चालते. माझा डावा हात खुर्चीच्या उजव्या मुठीवर असतो. असतो, म्हणजे असतोच. तो तिथे आहे हे मला माहीतही नव्हतं, जसं नाक चेहऱ्यावर आहे हे आपण दिवसभर आठवत बसत नाही.

"धरा परत," काका म्हणाले.

धरली. सरळ गेली.

"सोडा."

सोडली. डावीकडे.

"धरा."

"काका, आता पुरे," भिंगरी म्हणाली. तिला चक्कर यायला लागली होती, हसूही येत होतं.

काकांनी खाली वाकून माझ्या हातावर हलकेच बोट टेकवलं. "तुम्ही धरत नाही, ताई. तुम्ही रेलता. एवढं बाळ कडेवर, चढाचा रस्ता. तुमचं अर्धं ओझं या मुठीवर येतं. उजवा बैल मागे ओढला जातो. मी ती ओढ काढायला डब्याला सांगितलं, सतत थोडं डावीकडे दाब. तुम्ही असलात की बरोबर. तुम्ही नसलात की..." त्यांनी भिंतीच्या दिशेने हात केला. मग स्वतःशीच म्हणाले, "मी चाकाकडे बघत होतो. वर बघितलंच नाही. रोज चालता तशा चाला म्हटलं, आणि तुम्ही चाललात."

मला वाटत होतं मी तिला सोबत करतेय. ती मला ओढून नेत होती, मला आणि कडेवरच्या भावाला, रोज चढावरून, आणि त्याबद्दल एकदाही कुरकुरली नव्हती. तिला तरी कुठे माहीत होतं? तिला एवढंच कळत होतं की फाटकाच्या आत गेलं की खुर्चीला दुसरीकडे जायचं असतं. तिने ते मला शब्दांत सांगितलं होतं. मी कुणी पढवलं म्हणून शोधत बसले.

काकांनी मला भिंतीजवळच्या स्टुलावर बसवलं आणि धाकट्याला माझ्या मांडीत दिलं. "इथून हलायचं नाही."

भिंगरी पट्टीच्या टोकाशी. तिने उजव्या खांद्यावरून मागे बघितलं. मी नव्हते. ती हलेना.

"आई कुठे?"

"आई बसलीये," काका म्हणाले. "तुला चालायचंय. चेंडू दाब."

तिने दाबला. वाकडी गेली. काकांनी आकडा बदलला. परत. थोडी कमी वाकडी. परत. माझा हात स्टुलाच्या कडेवर होता, बोटं दुखेपर्यंत. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. शेवटी चाक पट्टीच्या कडेने लांबवर गेलं, आणि टोकाला पोचल्यावर ती तिथेच थांबून राहिली, पाठमोरी. मी उठायला गेले. काकांनी नुसतं बघितलं, मी बसले.

सोमवारी मोठ्या बाई व्हरांड्याच्या मध्यावर, मावशी पलीकडच्या टोकाला वर्गाच्या दारात. मी आधी जाऊन सांगून टाकलं. जे दोघींच्या समोर बोलले होते ते दोघींच्याच समोर उलगडायला हवं होतं. हात, मूठ, डबा, सगळं. मोठ्या बाईंना निम्मंच समजलं. मावशींना सगळं.

"म्हणजे तुमचा हात नव्हता म्हणून पोर आपटत होती," त्या म्हणाल्या, "आणि नजर माझ्या हातावर."

"चुकलं माझं."

"हं," मावशी म्हणाल्या. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही पुढे विचारलं नाही.

मला फाटकाजवळच्या बाकावर बसायला सांगितलं. भिंगरी निघाली. डावीकडे ती निळी भिंत, तिच्यावर आमच्या खुर्चीने काढलेल्या पांढऱ्या रेघा, एकीखाली एक. ती त्यांच्या बाजूने गेली. पहिली रेघ मागे पडली, दुसरी, मग सगळ्याच. खुर्ची भिंतीपासून हातभर अंतर राखून, तेवढंच अंतर राखून, पुढे जात होती. मोठ्या बाई बाजूला सरकल्या, तिला वाट द्यायला. मी श्वास सोडला.

आणि तेवढ्यात वर्गाच्या खिडकीतून कुण्या पोरीने तिला जीभ काढून दाखवली. भिंगरीने तिकडे बघितलं, आपलीही जीभ काढली, आणि सरळ जाऊन फरशी पुसायच्या बादलीवर धडकली. बादली आडवी. पाणी सगळ्या व्हरांड्यात, मोठ्या बाईंच्या चपलांपर्यंत.

मोठ्या बाईंनी एक पाय उचलला, मग दुसरा. त्यांचा चेहरा बघून मला कळलं, की संपलं. पुढची दांडी बंद. त्यांनी सांगितलं होतं, नीट चालवली तर.

"ते मी केलं," भिंगरी म्हणाली. शब्द यायला वेळ लागला, पण या वेळी मोठ्या बाईही थांबल्या. "खुर्चीने नाही. मी. मी... बघतच नव्हते."

तिने हे अशा ऐटीत सांगितलं, जणू काही पहिला नंबर आला होता. खरंच तिच्या आयुष्यातली ती पहिली चूक होती जी सगळीच्या सगळी तिची होती.

"बाई," मोठ्या बाईंनी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या. त्या कोरड्या फडक्याने पाणी अडवत होत्या, वर बघत नव्हत्या. "या बादलीवर गुरुवारी तिसरीतली दोघं आपटली. शुक्रवारी शिपाई आपटला. त्यांचे पाय बांधून ठेवले का आपण? बादली मी इथे ठेवली, ती माझी चूक. पोर वाकडी गेली नाही, ते तुम्ही बघितलंत ना?"

मोठ्या बाईंनी व्हरांड्यावरून मागे नजर टाकली, भिंतीकडे, मग बादलीकडे. मग चप्पल झटकली.

"बादली हलवा इथून," त्या म्हणाल्या. "आणि तिला सांगा, चालवताना जीभ आत. पुढची दांडी राहू दे."

भिंगरीने खुर्ची मागे घेतली, वळवली, ओल्या फरशीवर चाकांच्या दोन रेघा उमटवत दाराकडे निघाली. उंबऱ्यापाशी जरा अडखळली. मी बाकावरून कधी उठले, निम्म्या व्हरांड्यात कधी आले, मला कळलं नाही. डावा हात पुढे झालेला होता.

मावशी मध्ये येऊन उभ्या राहिल्या, ओलं फडकं हातात.

"ताई. उद्यापासून तुम्ही फाटकापर्यंतच."

त्यांच्या मागे खुर्चीची पुढची चाकं उंबऱ्यावर चढली आणि आत उतरली. मी धाकट्याला दोन्ही हातांनी धरून मागे वळले. फाटकाशी येऊन एकदा बघितलं, तर मावशी अजून तिथेच, दारात, कमरेवर हात. मी खरंच बाहेर पडतेय की परत टाकीआड जाऊन बसतेय, ते बघत.